आधी खोट, मग घर

तुम्ही दोघांनी परवा पाठवलेले घराचे फोटो मी चष्मा पुसून नीट पाहिले. सगळे मिळून बेचाळीस. एकाही फोटोत ओल नाही, भेग नाही, शेजारी नाही. तिकडचा तुमचा एजंट काय म्हणतो असे मी विचारले, तर तुम्ही म्हणालात, "आजी, तो बोलत नाही, लिंक पाठवतो." तेव्हापासून मला त्या घराची काळजी लागली आहे. घर दाखवणारा माणूस एकदाही हसला नाही, तर त्याच्या हातून किल्ली घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. हे मत कोणामुळे बनले ते लिहून ठेवते. तुमच्या बाबाला विचारू नका. त्याला त्यातले निम्मेच आठवते आणि उरलेले निम्मे तो स्वतःच्या मनाचे घालतो.

ते गृहस्थ गारखेड्याचे. सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून आम्हीही मामाच म्हणायचो. धंदा घरांच्या आणि प्लॉटच्या दलालीचा. पण दुकान नाही, पाटी नाही. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, खांद्यावर उपरणे, आणि कमरेला रिकाम्या घरांच्या किल्ल्यांचा असा जुडगा की ते गल्लीच्या तोंडाशी आले तरी आत कळायचे. सदऱ्याच्या खिशात एक काचेची गोटी असायची. कुठलेही घर दाखवायला नेले की ते पहिल्यांदा गोटी फरशीवर ठेवत आणि ती कोणीकडे घरंगळते ते पाहत. "घर कुणीकडं कललंय ते मालक सांगत नाय. गोटी सांगती."

त्यांची स्वतःची जमीन गारखेड्यातच होती. शहर सरकत सरकत तिथे पोचले तेव्हा त्यांच्या भावकीने प्लॉट पाडले. मामा म्हणायचे, "आधी सोताचं शेत इकलं, मगच दुसऱ्याचं इकायची हिंमत आली." एकदा एका नव्या गल्लीतून जाताना ते मला म्हणाले, "ताई, इथं आमचा हरभरा लई गोड यायचा. आता सरकारी नोकर येतेत. तेबी गोडच हायेत, पण सोलायला वेळ लागतो."

आम्ही तेव्हा जुन्या शहरात एका माडीवर भाड्याने राहत होतो. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची, तुमचे आजोबा पाटबंधारे खात्यात होते, तुमचा बाबा चौथीत. खोल्या हवेशीर होत्या, पण जिना दगडी, अरुंद, बावीस पायऱ्यांचा. माझ्या सासूबाईंचा गुडघा मोडला आणि त्या वर अडकल्या. दहा महिने त्या खाली उतरल्या नव्हत्या. सकाळी खिडकीत बसून खालून जाणाऱ्या भाजीवालीशी गप्पा मारायच्या, तेवढेच त्यांचे जग. त्यातच मालकांनी सांगितले की मुलाचे लग्न ठरले आहे, खोल्या मार्गशीर्षापर्यंत रिकाम्या करा. आम्हाला घर हवे होते, खालच्या मजल्यावरचे, अंगण असलेले, आणि चार महिन्यांच्या आत.

मी माझ्या सवयीप्रमाणे एक वही केली. चौदा रकाने आखले: पाणी, पायऱ्या, संडास, ऊन, शाळा, दवाखाना आणि असेच. पहिल्या भेटीत ती वही मी मामांपुढे ठेवली. त्यांनी ती उलटी-सुलटी करून पाहिली आणि विचारले, "ताई, नवरा बघायला गेलात तवा अशीच वही होती का?"

तुमचे आजोबा पटकन म्हणाले, "असती तर मी इथे दिसलो असतो का?"

मामा इतके हसले की किल्ल्या वाजल्या. मग ते गंभीर होऊन म्हणाले, "झालं. तुम्हाला घर मिळणार. दाजी हसतेत."

तेव्हा मला ते वाक्य उगाच वाटले. नंतर कळले की तो त्यांचा नियमच होता. जे गिऱ्हाईक पहिल्या तासात एकदाही हसत नसे, त्याला ते घर दाखवत नसत. एका मोठ्या साहेबांना त्यांनी तीन गल्ल्या फिरवून हात जोडून परत पाठवले. मी विचारले, "मामा, गिऱ्हाईक का सोडलंत?" तर म्हणाले, "ताई, घर मी इकून मोकळा व्हतो. त्याच्या शेजारी ज्यांना ऱ्हायचंय त्यांचा इचार कोण करणार?"

दुसरा नियम असा की आधी खोट सांगायची. गुण तुमचे तुम्ही शोधा. आणि ती खोट ते अशी सांगत की ऐकणारा हसत हसत सावध होई. पहिले घर पिठाच्या गिरणीला लागून होते. मामा दारातच म्हणाले, "इथं घड्याळ घ्यायचं काम नाय. सातला गिरणी चालू व्हती, तुम्ही उठता. एकला बंद व्हती, तुम्ही जेवता. इतवारी मातर झोप लागत नाय, शांततेनं." दुसऱ्या घराची चौकट इतकी खाली की तुमच्या आजोबांचे कपाळ तिच्यावर आपटले. "ह्या घरात माणूस वाकूनच येतो. पाहुणे लई नम्र मिळतील." तिसऱ्या घरी मी नळाबद्दल विचारले. "नळ हाय. नळाला तोटी हाय. तोटी पितळंची हाय. आता ह्याच्या पुढं इचारू नका."

स्वयंपाकघरात गेले की त्यांची आणखी एक परीक्षा असे. तुमच्या आजोबांना ते पुढच्या खोलीत बसवत आणि मला आत उभी करत. आधी आजोबांनी "चहा झाला का?" अशी हाक मारायची. ती मला ऐकू आली तर घर पास. मग मी हळूच काहीतरी पुटपुटायचे. ते बाहेर ऐकू गेले तर घर नापास. "संसार टिकायचा तर एकीकडून आवाज यावा, दुसरीकडून जाऊ नये," असे ते म्हणत. मी माझ्या वहीत पंधरावा रकाना आखला.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त मास्तर खुलताबादला जागा घ्यायची म्हणून हट्ट धरून बसले होते. तिथली हवा थंड, म्हातारपणी बरी. मामांनी त्यांना बसने नेले, टेकडीवरची दोन घरे दाखवली, चहा पाजला आणि म्हणाले, "मास्तर, हवा खरंच लई थंड. एवढा मोठा बादशहा हितं आला, तो काय परत गेला नाय. तुम्हाला नातवाच्या मुंजीला खाली यायचं असलं तर गावातच बघू." मास्तरांनी शहरातच घर घेतले आणि हा किस्सा ते आम्हालाच वीस वेळा सांगत.

अशी नऊ घरे पाहून झाली. माझ्या वहीतल्या फुल्या वाढत होत्या, मार्गशीर्ष जवळ येत होता. दहावे घर गारखेड्यात होते. तीन खोल्या, पुढे मोठे अंगण, मागे पत्र्याची पडवी, आणि उंबरठा सोडला तर एकही पायरी नाही. गोटी ठेवली तिथेच थांबली. हाकेची परीक्षाही पास. मी मामांकडे पाहिले. खोट सांगायची सोडून ते किल्ल्या मोजत होते.

"खोट काय आहे, मामा?"

"दोन हायेत," ते म्हणाले. "एक थोरला आणि एक धाकटा."

ते घर दोघा सख्ख्या भावांचे होते. थोरले कचेरीत कारकून, धाकटे बस डेपोत. आईवडील गेल्यावर दोघे वेगवेगळीकडे राहायला गेले आणि सहा वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. अंगणाच्या मधोमध चुन्याची रेघ होती. पावसाने ती पुसली की दोघांपैकी कोणीतरी येऊन पुन्हा मारून जाई. मी विचारले, भांडण कशावरून? मामा म्हणाले, "ते दोघंबी इसरलेत. पण भांडण मातर इमानदारीनं सांभाळलंय."

विकायला दोघेही तयार होते, सही मात्र दोघांचीही लागणार होती. म्हणून मामांनी एका रविवारी सकाळी सगळ्यांना त्याच घरात बोलावले. पडवीत एकच सतरंजी घातली. तिच्या एका टोकाला थोरले, दुसऱ्या टोकाला धाकटे, मध्ये मामा. आम्ही समोर. आणि मग जे सुरू झाले तसे मी पूर्वी कधी पाहिले नव्हते.

थोरले म्हणाले, "मामा, त्याला सांगा, किमतीत खोडा घालायचा नाय."

मामा मान वळवून धाकट्यांना म्हणाले, "थोरले म्हणतेत, किमतीचं तुमच्या मनासारखं झालंय ना?"

धाकटे म्हणाले, "त्याला सांगा, मला शहाणपण शिकवू नको."

मामा परत इकडे वळून, "धाकटे म्हणतेत, तुम्ही मोठे, तुम्ही ठरवाल ते."

दोघांमध्ये तीन हातांचेही अंतर नव्हते. मूळ वाक्य प्रत्येकाला स्वच्छ ऐकू जात होते. पण उत्तर मात्र ते मामांच्या वाक्याला देत. अर्ध्या तासात किंमत ठरली, तारीख ठरली. मी मनातल्या मनात सासूबाईंची खाट अंगणाकडच्या खिडकीशी लावूनही टाकली.

तेवढ्यात थोरले म्हणाले, "उखळ मी नेणार."

त्या पडवीच्या फरशीत एक काळ्या दगडाचे उखळ बसवलेले होते. त्यांच्या आईचे. उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका तिथे काळा मसाला कुटायला यायच्या, आणि आई मधोमध बसून सगळ्यांचे मसाले नाकाने तपासायची, असे मामांनी आम्हाला आधी सांगितले होते.

धाकटे उठून उभे राहिले. "सांगा त्याला, उखळाला हात लावला तर मी सही करणार नाय."

या वेळी मामांनी भाषांतर केले नाही. त्यांनी एका पाथरवटाला बोलावून आणले. त्याने हातोडीने कडेकडेने ठोकून पाहिले आणि सांगितले, "ही येकच शिळा हाय, पार भिंतीखाली गेलीय. काढीन, पण दोन तुकडे व्हतील."

"होऊ दे दोन," थोरले भिंतीकडे बघत म्हणाले. "एक त्याला, एक मला."

धाकट्यांनी चपला शोधायला सुरुवात केली. मी तुमच्या आजोबांकडे पाहिले, त्यांनी माझ्याकडे. हे घर गेले तर दिवाळीनंतर आम्ही सासूबाईंना कुठल्या जिन्यावर चढवणार होतो, देव जाणे.

मामा सावकाश उखळापुढे मांडी घालून बसले. "थांबा. मला एक कळंना," ते पाथरवटाला म्हणाले, अगदी विद्यार्थ्यासारखे. "अर्ध्या उखळात मिरची कुटायची कशी?" आणि त्यांनी हवेतच मुसळ उचलून मारले. मग उजवीकडे झेपावून उडालेली मिरची पकडली. पुन्हा मारले, डावीकडे झेपावले. "आगं धर, आगं धर, शेजारणीच्या वरणात पडली!" म्हणत ते गुडघ्यांवर रांगत सतरंजीभर मिरच्या वेचू लागले. वेचता वेचता थोरल्यांच्या मांडीखालून एक काढली, धाकट्यांच्या सदऱ्याच्या खिशातून एक. मग पदर सावरल्यासारखे करून थोरल्यांना म्हणाले, "आहो, भाऊजींकडं जा आन दुसरा अर्धा जरा मागून आणा. वाटीभर मसाल्यापुरता."

पहिल्यांदा पाथरवट हसला. मग धाकटे, हातात एक चप्पल घेऊन. थोरले भिंतीकडे तोंड करून बसले होते, पण त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मग त्यांच्या तोंडून असा काही आवाज आला की तुमचे आजोबा आणि मी आम्हीही सुटलो. मी एवढी हसले की वही हातातून पडली.

मामांनी मात्र ती संधी वाया घालवली नाही. सगळे डोळे पुसत असतानाच ते बोलले, "उखळ इकायचं नाय. हलवायचं नाय. दर वैशाखात एक दिवस दोघांनी हितं यायचं आन आपला मसाला कुटून न्यायचा. पण दोघांनी एकाच दिवशी. एकटा आला तर ताई दार उघडणार नाय."

मी गप्प बसणारी नव्हते. "मामा, घर आम्ही विकत घेणार आणि फरशीतलं उखळ दुसऱ्याचं? असा दस्त कोणी ऐकला आहे का?"

"ताई, एक दिवस नाकाला पदर लावा. तीनशे चौसष्ट दिवस घर तुमचं."

"आणि भांडले तर?"

"मिरची कुटताना भांडता येत नाय. तोंड उघडलं की ठसका लागतो."

मी म्हटले, सासूबाईंना विचारल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. मामा त्याच दुपारी आमच्या बावीस पायऱ्या चढून आले आणि त्यांच्या खाटेशेजारी बसून सगळे सांगितले, मिरच्या वेचण्यासकट. सासूबाई इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "मसाला कुटायला दोन दोन घरची माणसं आपणहून येतायत, आणि माझी सून विचार करतेय?"

दस्त लिहिणाऱ्याने ती अट खरेदीखतात घालायला साफ नकार दिला. म्हणून ती एका साध्या कागदावर लिहिली. अक्षर माझे. चौघांच्या सह्या, साक्षीदार मामा. दोघा भावांनी सही केली ती एकाच पेनाने, पण धाकट्यांनी पेन थोरल्यांच्या हातातून घेतले नाही. मामांच्या हातातून घेतले.

आम्ही मार्गशीर्षाच्या आधी आठ दिवस राहायला गेलो. चार जणांनी सासूबाईंना खुर्चीत बसवून जिना उतरवला. मामा पुढे चालत ओरडत होते, "सरका, सरका, काकूंची वरात हाय!" खाली आल्यावर सासूबाईंनी पहिल्यांदा काय केले असेल? त्यांनी भाजीवालीला गाठले आणि इतक्या महिन्यांत तिने टोपलीतून वर पाठवलेल्या किडक्या वांग्यांचा जाब विचारला. नव्या घरी गेल्यावर अंगणातल्या चुन्याच्या रेघेवर त्यांनी खुर्ची ठेवायला सांगितली. "इथे ऊन चांगलं येतं," एवढेच म्हणाल्या. रेघ पंधरा दिवसांत पुसली गेली. ती मारायला कोणी आले नाही.

वैशाख आला. मला वाटत होते की कोणी येणार नाही. हसण्याच्या भरात माणसे काय वाटेल ते कबूल करतात. पण ठरल्या दिवशी सकाळी सातला थोरले आणि त्यांची बायको फाटकाशी उभे, दहा पावलांवर धाकटे आणि त्यांची बायको. मध्ये मामा, हातात मिरच्यांची पिशवी. मी दोन्ही जोड्या आहेत याची खात्री करून मगच कडी काढली. कागदावर तसेच लिहिले होते.

जावा जावा मात्र पाच मिनिटांत बोलू लागल्या. त्यांचे भांडण नव्हतेच म्हणे, नवऱ्यांचे होते म्हणून पाळत होत्या. दोघींनी आळीपाळीने मुसळ धरले. थोरले चाळणी घेऊन एका बाजूला, धाकटे डबे घेऊन दुसऱ्या बाजूला. मध्ये मामा, नेहमीच्या कामावर.

"मामा, सांगा त्याला, डबा पुढं कर."

"धाकटे, डबा जरा इकडं येऊ द्या, थोरले म्हणतेत."

"सांगा, अजून चाळून झालं नाय त्याचं."

"थोरले, सावकाश होऊ द्या, धाकटे म्हणतेत."

असे तासभर चालले. सासूबाई खुर्चीत बसून सगळ्यांवर नजर ठेवत होत्या. मिरचीचा खकाणा वाढत गेला. तुमचा बाबा अंगणात पळाला, मी नाकाला पदर लावला. सासूबाईंनी चिमूटभर मसाला मागून घेतला, हुंगला आणि म्हणाल्या, "दगडफूल कमी आहे."

थोरल्यांनी चाळणीतला मसाला हुंगला. बरोबर होते. दगडफुलाची पुडी धाकट्यांच्या पिशवीत होती.

"मामा, सांगा त्याला," थोरले म्हणाले.

मामांना शिंक आली. मग दुसरी. मग अशा लागोपाठ शिंका सुरू झाल्या की ते उपरण्यात तोंड खुपसून दुमडले. थोरले थांबले. मामांनी एक हात वर करून खूण केली, म्हणजे दम धरा. आणि पुन्हा शिंकू लागले. मुसळ थांबले. मसाला तसाच पडला होता. जावांनी एकमेकींकडे पाहिले. सासूबाईंनी खुर्चीच्या हातावर बोटे वाजवली.

"अरे," थोरले अखेर चिडून म्हणाले, "दे की दगडफूल!"

धाकटे क्षणभर मामांकडे पाहत राहिले. मामा उपरण्यातून बाहेर येईनात.

"देतो," धाकटे म्हणाले. "किती टाकू, दादा?"

"टाक अंदाजानं. आई टाकायची तेवढं."

त्यानंतर मामांच्या शिंका हळूहळू ओसरल्या. त्यांना मग कोणी काही सांगायला सांगितले नाही. ते पुढे येऊन अंगणाकडच्या उंबरठ्यावर बसले, डोळे लाल, नाक लाल. मी त्यांना पाणी आणून दिले.

"मामा, खरं सांगा," मी हळूच विचारले. "शिंका खऱ्या होत्या का?"

त्यांनी सबंध तांब्या संपवला, मिशा पुसल्या, आणि पडवीकडे पाठ करून म्हणाले, "पहिल्या दोन."